नायट्रोजन ट्रायफ्लुओराइड अमोनियापेक्षा इतका कमी ध्रुवीय का?

अकरावी विज्ञान, सदाशिव पेठ

नमस्कार. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले असून या वर्षी मी पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेला प्रवेश घेतला आहे. वर्गात सर्व काही इंग्रजीत शिकवले जाते. नव्या शब्दांची हळूहळू सवय होत आहे, परंतु पुढील शंका शब्दांची नसून विषयाचीच आहे असे मला वाटते, म्हणून ती मराठीत सविस्तर मांडते.

दहावीत आपण शिकतो की आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना अणूचा आकार कमी होत जातो आणि गणात वरून खाली येताना तो वाढतो. अकरावीत त्याला विद्युतऋणतेची, म्हणजे बंधातील इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याच्या अणूच्या क्षमतेची, जोड मिळाली. फ्लुओरीनची विद्युतऋणता ३.९८, नायट्रोजनची ३.०४, हायड्रोजनची २.२० अशी मूल्ये पुस्तकात आहेत, आणि दोन अणूंच्या मूल्यांतील फरक जितका मोठा तितका त्यांच्यातील सहसंयुज बंध अधिक ध्रुवीय, म्हणजे एक टोक किंचित ऋण आणि दुसरे किंचित धन असलेला, असा नियम सांगितला आहे. तो मला पटला, म्हणून मी स्वतः वजाबाकी करून पाहिली. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यातील फरक ०.८४ येतो, नायट्रोजन आणि फ्लुओरीन यांच्यातील ०.९४ येतो, आणि अमोनिया व नायट्रोजन ट्रायफ्लुओराइड या दोन्ही रेणूंचा आकार बुटक्या पिरॅमिडसारखाच आहे. त्यामुळे नायट्रोजन ट्रायफ्लुओराइड थोडा अधिक ध्रुवीय निघेल अशी माझी अपेक्षा होती. तक्त्यात मात्र अमोनियाचा डायपोल मोमेंट, म्हणजे रेणूच्या ध्रुवीयतेचे माप, १.४७ डिबाय (हे त्याचे एकक) आणि नायट्रोजन ट्रायफ्लुओराइडचा केवळ ०.२३ डिबाय दिला आहे. बोरॉन ट्रायफ्लुओराइडचे तर त्याहून नवल वाटले, कारण तेथे विद्युतऋणतेतील फरक १.९४ इतका मोठा असूनही डायपोल मोमेंट शून्य आहे.

दुसरी शंका आयनन ऊर्जेविषयी, म्हणजे अणूतून एक इलेक्ट्रॉन काढण्यास लागणाऱ्या ऊर्जेविषयी आहे. ती आवर्तात उजवीकडे वाढत जाते असे शिकवले, आणि लगेच पुढच्या वाक्यात नायट्रोजनपेक्षा ऑक्सिजनची कमी आहे असेही सांगितले. कारण विचारले तेव्हा ‘अर्धी भरलेली उपकक्षा स्थिर असते’ असे उत्तर मिळाले. ती स्थिर का असते, हे मला अजून कळलेले नाही. प्रत्येक नियमाला असे अपवाद असतील तर आवर्ती कलांवर विसंबून एखाद्या रेणूविषयी काही ठरवता येते का, की शेवटी तक्ताच पाठ करावा लागतो? कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त शिक्षिका, कोथरूड

तुझी वजाबाकी बरोबर आहे आणि नियमही बरोबर आहे. तो नियम बंधाविषयीचा आहे आणि तू तो संपूर्ण रेणूला लावलास, एवढीच गफलत झाली आहे. अनेक वर्षे अकरावी-बारावीला शिकवल्यानंतर माझे असे मत झाले आहे की ही दोन प्रकरणे, म्हणजे आवर्तसारणी आणि रासायनिक बंध, वेगवेगळ्या महिन्यांत शिकवली जातात आणि त्यांची गाठ विद्यार्थ्याला एकट्यानेच घालावी लागते. ती येथे घालून पाहू.

ज्या रेणूत दोनच अणू असतात तेथे बंध आणि रेणू यांत भेद उरत नाही, म्हणून तेथे तुझा नियम थेट लागू पडतो. हायड्रोजन फ्लुओराइडचा डायपोल मोमेंट सुमारे १.८३ डिबाय, हायड्रोजन क्लोराइडचा १.०८, ब्रोमाइडचा ०.८२ आणि आयोडाइडचा ०.४४ आहे. हॅलोजनांचा गण जसा खाली उतरतो तशी ही मूल्येही क्रमाने उतरतात.

तीन किंवा अधिक अणू आले की दिशेचा प्रश्न उभा राहतो. डायपोल मोमेंट, ज्याला मराठी पुस्तकांत द्विध्रुव आघूर्ण म्हणतात, ही सदिश राशी आहे, म्हणजे तिला परिमाणाबरोबर दिशाही असते. एका लोखंडी कडीला दोर बांधले आहेत आणि प्रत्येक दोर कोणीतरी ओढत आहे अशी कल्पना कर. दोन माणसे समोरासमोर उभी राहून सारख्याच जोराने ओढत असतील तर ती कितीही बलवान असली तरी कडी जागची हलत नाही. कार्बन डायऑक्साइडमध्ये असेच घडते. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातील फरक ०.८९ आहे, म्हणजे बंध नक्कीच ध्रुवीय आहेत, परंतु ते १८० अंशांत समोरासमोर असल्यामुळे बेरीज शून्य होते. पाण्यातील दोन बंधांमध्ये १०४.५ अंशांचा कोन आहे, म्हणून त्यांची ओढ एकमेकींना पूर्णपणे खोडून काढू शकत नाही आणि १.८५ डिबाय शिल्लक राहतात. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमधील तीन बंध एकाच प्रतलात १२० अंशांवर पसरलेले असतात, त्यामुळे तीन दिशांच्या समान ओढींचीही बेरीज शून्यच येते.

पुढे कार्बन टेट्राक्लोराइड येईल, तेव्हा ‘सममिती आहे म्हणून शून्य’ एवढ्यावर थांबू नकोस, कागदावर करून पाहा. नियमित चतुष्फलकात कोणत्याही दोन बंधांमधील कोन सुमारे १०९.५ अंशांचा असतो आणि त्याची कोसाइन बरोबर उणे एक-तृतीयांश असते. एक बंध सरळ वर धरला तर उरलेल्या तिघांपैकी प्रत्येकाचा एक-तृतीयांश भाग खाली ओढतो, म्हणजे तिघे मिळून बरोबर एकाएवढी ओढ खाली लावतात. तो वरचा एक क्लोरीन काढून तेथे हायड्रोजन बसवला की क्लोरोफॉर्म तयार होतो, हिशेब बिघडतो आणि सुमारे १.०४ डिबाय हाती येतात.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. तू तीन बंध मोजलेस, परंतु नायट्रोजनकडे चौथी एक गोष्ट आहे. त्याच्या बाह्यतम कवचात पाच इलेक्ट्रॉन असतात. तीन बंधांत गुंतल्यावर दोन उरतात, आणि ही एकाकी जोडी, म्हणजे वर्गात जिला लोन पेअर म्हणतात ती, पिरॅमिडच्या टोकावर बंधांच्या विरुद्ध बाजूला पसरलेली असते. तिचाही स्वतःचा आघूर्ण असतो. अमोनियामध्ये हायड्रोजनपेक्षा नायट्रोजनची विद्युतऋणता जास्त असल्यामुळे बंधांतील इलेक्ट्रॉन खालून वर, नायट्रोजनकडे, ओढले जातात, आणि एकाकी जोडीही वरच आहे. दोन्ही परिणाम एकाच दिशेने असल्यामुळे त्यांची बेरीज होते. नायट्रोजन ट्रायफ्लुओराइडमध्ये फ्लुओरीन बलवत्तर आहे, त्यामुळे बंधांतील इलेक्ट्रॉन खाली तीन फ्लुओरीनकडे ओढले जातात, तर एकाकी जोडी वरच राहते. येथे वजाबाकी होते, आणि ते ०.२३ डिबाय म्हणजे या वजाबाकीतील शिल्लक आहे.

माझ्या दृष्टीने यातला सर्वांत मोलाचा भाग याच्या पुढे आहे. बोरॉन ट्रायफ्लुओराइड सपाट आणि नायट्रोजन ट्रायफ्लुओराइड पिरॅमिडसारखा का, याचेही उत्तर आवर्तसारणीतच आहे. बोरॉन तेराव्या गणात आहे, त्याच्याकडे तीनच संयुजा इलेक्ट्रॉन आहेत, तिन्ही बंधांत खर्च होतात आणि एकाकी जोडी उरत नाही. नायट्रोजन पंधराव्या गणात आहे, म्हणून एक जोडी उरते आणि ती बंधांना खाली ढकलते. म्हणजे एखाद्या रेणूची ध्रुवीयता ठरवताना आवर्तसारणी दोनदा वाचावी लागते: प्रत्येक बंधात इलेक्ट्रॉन कोणाकडे झुकतात हे पाहण्यासाठी एकदा, आणि मध्यवर्ती अणूचा गण पाहून त्याच्याकडे किती जोड्या उरतात व रेणूचा आकार कसा होतो हे ठरवण्यासाठी दुसऱ्यांदा. तू पहिले वाचन उत्तम केलेस. दुसरे राहून गेले.

पीटर डिबाय याने १९१२ च्या सुमारास रेणूंच्या कायम द्विध्रुवांची कल्पना मांडली, त्यानंतर ही मोजमापे रेणूंचे आकार ओळखण्याचे साधन बनली. कार्बन डायऑक्साइडचे मूल्य शून्य आले याचा अर्थ तो रेणू सरळ रेषेत असला पाहिजे, आणि पाण्याचे शून्य आले नाही याचा अर्थ तो वाकलेला असला पाहिजे. तक्त्यातील आकड्यांकडे पाठांतराची सामग्री म्हणून न पाहता असा पुरावा म्हणून पाहिलेस, तर ते आपोआप लक्षात राहतील.

संशोधक विद्यार्थी, पाषाण

वरील उत्तर इतके नेमके आहे की ध्रुवीयतेविषयी मी फारशी भर घालणार नाही. आयनन ऊर्जेच्या शंकेचे उत्तर देतो, कारण ‘अर्धी भरलेली उपकक्षा स्थिर असते’ या वाक्याने माझेही समाधान कधी झाले नव्हते.

आवर्ती कल म्हणून जे बाण आपण सारणीवर काढतो ते स्वतः कारण नसतात. त्यांच्यामागे अणुकेंद्रकाची ओढ आणि आतील इलेक्ट्रॉनांनी केलेले तिचे परिरक्षण, म्हणजे ती ओढ झाकणे, अशा दोन गोष्टींची झटापट असते. आवर्तात उजवीकडे एक घर सरकले की केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो, पण वाढलेला इलेक्ट्रॉन त्याच कवचात जातो आणि तो आपल्या शेजाऱ्यांना केंद्रकापासून फारसे झाकू शकत नाही. म्हणून बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना जाणवणारा परिणामी प्रभार वाढतो, अणू आक्रसतो आणि इलेक्ट्रॉन काढणे कठीण होते. दुसऱ्या आवर्तातील आयनन ऊर्जा किलोज्यूल प्रति मोल या एककात अशा आहेत: लिथिअम ५२०, बेरिलिअम ८९९, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लुओरीन १६८१, निऑन २०८१. चढण स्पष्ट आहे आणि तिच्यात दोन खाचा आहेत.

पहिली खाच बोरॉनपाशी आहे. कवचाच्या आत उपकक्षा नावाचे एस, पी, डी असे भाग असतात. बेरिलिअमचा शेवटचा इलेक्ट्रॉन दुसऱ्या कवचातील एस उपकक्षेत असतो, बोरॉनचा पी उपकक्षेत. पी उपकक्षेची ऊर्जा थोडी जास्त असते, शिवाय एसमधील दोन इलेक्ट्रॉन तिला काही अंशी झाकतात, त्यामुळे एक प्रोटॉन जास्त असूनही तो इलेक्ट्रॉन सोडवणे सोपे जाते. दुसरी खाच ऑक्सिजनपाशी आहे, आणि तिचे कारण नायट्रोजनच्या एखाद्या विशेष स्थैर्यापेक्षा ऑक्सिजनच्या अडचणीत शोधणे मला अधिक योग्य वाटते. पी उपकक्षेत तीन कक्षिका, म्हणजे प्रत्येकी जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन मावणाऱ्या जागा, असतात. नायट्रोजनचे तीन इलेक्ट्रॉन एकेका कक्षिकेत स्वतंत्र राहतात. ऑक्सिजनच्या चौथ्या इलेक्ट्रॉनला कोणातरी एकाबरोबर जागा वाटून घ्यावी लागते, त्या दोघांत प्रतिकर्षण जास्त होते, आणि तो चौथा इलेक्ट्रॉन तुलनेने सहज निघतो.

हे स्पष्टीकरण खरे असेल तर ते तिसऱ्या आवर्तातही लागू पडले पाहिजे. तेथे फॉस्फरसची आयनन ऊर्जा १०१२ आणि गंधकाची १००० आहे. खाच त्याच जागी आहे, परंतु ८८ ऐवजी केवळ १२ एककांची, कारण अणू मोठा असल्यामुळे जोडीने राहणाऱ्या इलेक्ट्रॉनांची दाटी कमी होते. अपवाद म्हणून सांगितली जाणारी गोष्ट स्वतःच कल पाळते, हे मला या विषयातील अतिशय सुंदर सत्य वाटते.

कलांवर विसंबावे का, या प्रश्नासाठी गॅलिअमचे उदाहरण पाहा. मेंडेलीव्हने १८७१ मध्ये ॲल्युमिनिअमच्या खालच्या रिकाम्या जागेसाठी एका अज्ञात मूलद्रव्याचे गुणधर्म वर्तवले होते. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ यांना गॅलिअम सापडले आणि त्यांनी त्याची घनता ४.७ मोजली. ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे असे मेंडेलीव्हने कळवले, आणि अधिक शुद्ध नमुना घेऊन पुन्हा मोजल्यावर ती ५.९ निघाली. ज्याने ते मूलद्रव्य हातातही घेतले नव्हते त्याने ज्याच्या हातात ते होते त्याची चूक दाखवली, ती केवळ कलाच्या आधारे. तरीही तेच गॅलिअम आकाराचा सरळ नियम पाळत नाही. गणात खाली असूनही त्याची धातूतील त्रिज्या १३५ पिकोमीटर आहे आणि ॲल्युमिनिअमची १४३, कारण मधल्या दहा मूलद्रव्यांबरोबर आलेले डी उपकक्षेतील दहा इलेक्ट्रॉन परिरक्षण नीट करत नाहीत. त्याची विद्युतऋणताही ॲल्युमिनिअमच्या १.६१ पेक्षा जास्त, १.८१ आहे. कारण ठाऊक असेल तर बाण कोठे वळणार याचा अंदाज बांधता येतो.

एक सावधगिरीची सूचनाही करतो. लायनस पाउलिंग यांनी १९३२ मध्ये मांडलेली विद्युतऋणता ही बंध तोडण्यास लागणाऱ्या ऊर्जांवरून काढलेली तुलनात्मक मोजपट्टी आहे. लांबी किंवा वस्तुमान मोजावे तशी ती मोजलेली नाही, त्यामुळे ०.८४ आणि ०.९४ यांसारख्या जवळच्या फरकांवर फार मोठा निष्कर्ष उभारू नये.

पालक, सिंहगड रस्ता

माझा मुलगाही अकरावीत आहे, त्यामुळे हा धागा आम्ही दोघांनी मिळून वाचला. मी रसायनशास्त्राचा पदवीधर आहे, पण अनेक वर्षे या विषयाशी संबंध राहिला नव्हता. घरातील दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

मिसळीवरची तर्री पाहावी. कितीही ढवळली तरी तिचा लाल रंग तेलाबरोबर वर येतो, रश्श्याच्या पाण्यात उतरत नाही. मिरचीतील लाल रंगद्रव्याचा रेणू बहुतांशी कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लांब साखळीचा असतो, आणि त्या दोघांच्या विद्युतऋणतेत फरक केवळ ०.३५ आहे. म्हणून तो जवळजवळ अध्रुवीय असतो आणि ध्रुवीय पाण्याऐवजी अध्रुवीय तेलात मिसळतो. हळदीचा रंगही फोडणीच्या तेलात जसा खुलतो तसा नुसत्या पाण्यात खुलत नाही. साखर मात्र चहात सहज विरघळते, कारण तिच्या रेणूवर ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या अनेक जोड्या बाहेर तोंड करून असतात.

दुसरी गोष्ट कंगव्याची. कोरड्या केसांवरून फिरवलेला प्लास्टिकचा कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ नेला की धार कंगव्याकडे वळते. पाण्याचे ध्रुवीय रेणू कंगव्याच्या प्रभाराकडे तोंड फिरवतात म्हणून असे होते, असे आम्हाला शिकवले होते. हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत करावा. जुलैमध्ये पुण्याची हवा इतकी दमट असते की कंगव्यावर प्रभार टिकतच नाही.

संशोधक विद्यार्थी, पाषाण

तर्रीचे उदाहरण मला फार आवडले. प्रयोगशाळेत आम्ही जवळजवळ रोज हेच तत्त्व वापरतो. सिलिकाच्या पातळ थरावर मिश्रणाचा ठिपका ठेवून हेक्झेन आणि एथिल ॲसिटेट यांचे मिश्रण वर चढू दिले की अध्रुवीय पदार्थ द्रावकाबरोबर वर जातात आणि ध्रुवीय पदार्थ सिलिकाला धरून खाली राहतात. पालकाच्या पानाचा अर्क घेतला तर पिवळे कॅरोटीन सर्वांत वर जाते, क्लोरोफिल त्याच्या खाली राहते.

कंगव्याविषयी मात्र आदरपूर्वक एक दुरुस्ती करतो, कारण हे स्पष्टीकरण अनेक पुस्तकांत आहे आणि ते अपुरे आहे. एकसारख्या विद्युत क्षेत्रात ध्रुवीय रेणू केवळ फिरतो. त्याचे एक टोक जितके ओढले जाते तितकेच दुसरे ढकलले जाते, म्हणून तो सरकत नाही. कंगव्याजवळचे क्षेत्र एकसारखे नसते हे खरे, परंतु त्यातून मिळणारी ओढ फार थोडी असते. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असल्यामुळे त्यात आयन असतात, आणि कंगवा जवळ आला की विरुद्ध प्रभार धारेकडे ओढला जाऊन धारच प्रभारित होते. धार वळण्याचे मुख्य कारण ते आहे. प्रयोग अवश्य करावा, पण रेणूच्या ध्रुवीयतेचा पुरावा म्हणून वहीत लिहू नये. रेणू खरोखर फिरतात याची प्रचिती हवी असेल तर मायक्रोवेव्ह ओव्हन अधिक योग्य आहे. घरगुती ओव्हनमधील क्षेत्र सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तने पूर्ण करते, आणि त्याच्याबरोबर फिरू पाहणारे पाण्याचे रेणू शेजाऱ्यांवर आदळून पदार्थ तापवतात. बर्फात रेणू जागच्या जागी बांधलेले असतात, म्हणून गोठलेला पदार्थ सुरुवातीला फार सावकाश तापतो.

अकरावी विज्ञान, सदाशिव पेठ

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाई, आपण सांगितल्याप्रमाणे सारणी दोनदा वाचून मी काही रेणू तक्ता न पाहता ठरवले आणि नंतर ताडून पाहिले. सल्फर डायऑक्साइडमध्ये गंधक सोळाव्या गणातील असल्यामुळे त्याच्याकडे एक जोडी उरेल, रेणू वाकेल आणि ध्रुवीय असेल असे लिहिले; तक्त्यात १.६३ डिबाय आहे. सल्फर ट्रायऑक्साइडमध्ये जोडी उरत नाही, म्हणून तो सपाट आणि अध्रुवीय असेल असे लिहिले. तेही बरोबर आले.

कार्बन टेट्राक्लोराइडचा उत्कलनबिंदू सुमारे ७७ अंश आणि क्लोरोफॉर्मचा ६१ अंश सेल्सिअस पाहून मात्र थोडी गोंधळले, कारण ध्रुवीय पदार्थ जास्त तापमानाला उकळेल असे वाटले होते. आणि कार्बन मोनॉक्साइडमध्ये तर मी पूर्ण चुकले. दोनच अणू आहेत, म्हणजे आकाराचा प्रश्न नाही, फरक ०.८९ आहे, म्हणून मी एकापेक्षा जास्त डिबाय असतील असे लिहिले. तक्त्यात ०.११ आहे, आणि ऋण टोक कार्बनकडे आहे असे दिले आहे. ही छपाईची चूक आहे का?

निवृत्त शिक्षिका, कोथरूड

चूक नाही. तक्ता बरोबर आहे आणि तुझी शंकाही योग्य जागी आली आहे.

उत्कलनबिंदूचे आधी सांगते. रेणूंना एकत्र धरून ठेवणारे ध्रुवीय आकर्षण हे एकमेव बल नाही. प्रत्येक रेणूतील इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक हालचालींमुळेही आकर्षण निर्माण होते, आणि इलेक्ट्रॉन जितके जास्त तितके ते मोठे असते. हायड्रोजनच्या जागी क्लोरीन आल्यावर इलेक्ट्रॉन इतके वाढतात की ध्रुवीयता गेल्याचे नुकसान भरून निघते. अमोनिया उणे ३३ अंशांना आणि नायट्रोजन ट्रायफ्लुओराइड उणे १२९ अंशांना उकळतो, तेथे अमोनियाचे हायड्रोजन बंध, म्हणजे एका रेणूतील हायड्रोजन आणि शेजारच्या रेणूतील नायट्रोजन यांच्यातील आकर्षण, वरचढ ठरतात.

कार्बन मोनॉक्साइडमध्ये दोन अणूंमध्ये तीन बंध आहेत, आणि दोन्ही अणूंवर एकेक एकाकी जोडी आहे. कार्बनकडे चारच संयुजा इलेक्ट्रॉन आहेत आणि ऑक्सिजनकडे सहा, म्हणून तीन जोड्यांपैकी एका जोडीतील दोन्ही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनने दिलेले आहेत असे आपण मांडतो. ऑक्सिजनने असे दिल्यामुळे इलेक्ट्रॉन कार्बनच्या बाजूला सरकतात. शिवाय कार्बनवरील एकाकी जोडी बंधापासून दूर, बाहेरच्या बाजूला पसरलेली असते. विद्युतऋणता इलेक्ट्रॉनांना ऑक्सिजनकडे ओढते, या दोन गोष्टी उलट दिशेने ओढतात, आणि शेवटी कार्बनचे पारडे किंचित जड राहते. म्हणजे दोनच अणू असले की बंध आणि रेणू यांत भेद उरत नाही, हे माझे वरचे विधान हायड्रोजनच्या त्या चार संयुगांपुरते ठीक होते. सरसकट केले ते योग्य नव्हते. एकाकी जोडीचा हिशेब दोन अणूंच्या रेणूतही करावा लागतो.

कार्बनच्या टोकावरची हीच जोडी पुढे धातूंशी बंध करते. कार्बन मोनॉक्साइड श्वासातून रक्तात गेला की हिमोग्लोबिनमधील लोहाला तो कार्बनच्या टोकाने जोडला जातो, ऑक्सिजनच्या टोकाने नव्हे, आणि ऑक्सिजनच्या रेणूची जागा अडवून बसतो.